मांगी-तुंगी आणि सहा महिन्यांचं ओझं



मांगी-तुंगीचं नाव काढलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "पायऱ्या किती?" साडेतीन हजारांच्या आसपास आहेत. नाशिक जिल्ह्यात, बागलाण तालुक्यातल्या दुर्गम डोंगराळ भागात हे आपलं सिद्धक्षेत्र. डोंगर एक, सुळके दोन. मांगी ४३४३ फूट, तुंगी ४३६६ फूट. २०१६ मध्ये तिथे ऋषभदेव भगवंतांची अखंड पाषाणातली १०८ फुटी मूर्ती पूर्ण झाली, तेव्हापासून गर्दी वाढली आहे.

आज मात्र बलभद्रांबद्दल लिहायचं आहे. रामचंद्र इथूनच मोक्षाला गेले, असं आपण निर्वाणकांडात म्हणतो. श्रीकृष्णांचा अंत्यसंस्कारही बलरामांनी इथेच केला, अशी क्षेत्राची परंपरा आहे. राम आणि बलराम, दोघेही बलभद्र. आपल्या पुराणांत दोघांची एक गोष्ट सारखीच आहे. धाकटा भाऊ गेला आणि थोरला त्याचा देह सहा महिने खांद्यावर घेऊन फिरला. "तो झोपलाय, रुसलाय," असंच म्हणत राहिला.

लक्ष्मणाच्या वेळी देवांनी रामांना उपदेश केला नाही. ते त्यांच्यासमोर वाळलेल्या झाडाला पाणी घालत बसले, वाळू घाण्यात घालून तेल काढू लागले. "असं कुठे होतं का?" रामांनी विचारलं, आणि त्यांचं त्यांनाच उमगलं.

आपल्या घरात कुणी गेलं की तेराव्यालाच सुरू होतं, "वहिनी, आता रडू नका, आर्तध्यान होतं, कर्म बांधलं जातं." शास्त्र खरंच आहे. पण ज्यांना त्याच भवात मोक्ष होता, त्या रामांनाही सहा महिने लागले. मग नवरा गेलेल्या बाईकडून तेरा दिवसांत समता कशी मागायची? तिने कपाटातले त्यांचे सदरे वर्षभर हलवले नाहीत, तर लगेच तिला मिथ्यात्वी ठरवू नये.

ओझं उतरवायचं आहेच. राम तिथेच थांबले नाहीत, त्यांनी दीक्षा घेतली. पण ते ज्याचं त्यानेच उतरवायचं असतं. आपण तिच्याजवळ बसावं, चौविहाराच्या आधी दोन घास खाऊ घालावेत, मंदिरात सोबत न्यावं. णमोकार तिच्या ओठांवर आपोआप येईल.

जय जिनेंद्र.