राखेने घासलेली खुंटी

शासकीय सेवेतून निवृत्त होऊन आम्ही पेडण्यातील मूळ घरी परतलो, तेव्हा पुतण्याने कर्ज काढून फायबरची होडी घेतली होती. तेरेखोल नदीत तो पर्यटकांना फिरवीत असे. होडीच्या काठावरील दोर गुंडाळण्याच्या खुंट्या अ‍ॅनोडाइझ केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या होत्या. वर्षभरात त्यांवर पांढरी भुकटी धरू लागली. देवघरातील समया ज्या विद्येने उजळतात, तिच्याच भरवशावर आम्ही राख आणि नारळाचे सोडण घेऊन खुंट्या लख्ख केल्या. पुतण्याही खूश झाला.

पुढे दोन पावसाळे उलटल्यावर एका रात्री भरतीच्या ओढीने खुंटी तळातून उखडली आणि होडी वाहत जाऊन खारफुटीत अडकली. आत कोणी नव्हते, हे दैव. पुतण्याने एवढेच विचारले, “काका, आता हप्ता कसा भरू?”

डिचोलीचे आमचे व्याही खनिजवाहू बार्जांच्या दुरुस्तीत मुरलेले. त्यांनी खुंटी हातात घेऊन सांगितले, ते आम्ही पुढे वाचून पडताळले. अ‍ॅल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने चढवलेले ऑक्साइडचे कवच केसाहूनही पातळ असते. १९२३ साली ब्रिटनमध्ये ही प्रक्रिया औद्योगिक वापरात आली, ती समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठीच. राखेतील क्षार हे कवच विरघळवतात आणि तिचे कण त्यावर ओरखडे पाडतात. मग मिठाला वाट मिळते. त्यातच स्टेनलेस स्टीलचे स्क्रू थेट धातूत बसवलेले. खाऱ्या ओलाव्यात अशी जोडी जमली की झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. बार्जाच्या तळाला लावतात तसे जस्ताचे ठोकळे येथे उपयोगी नव्हते, कारण ते पाण्याखालच्या भागालाच राखतात.

नव्या खुंट्या बसवताना स्क्रूखाली नायलॉनच्या चकत्या घातल्या आणि फटींत सील करण्याचा लेप भरला. होडी परतली की विहिरीचे गोडे पाणी ओतायचे, सौम्य साबण व मऊ फडके वापरायचे, अधूनमधून मेण लावायचे. राख, सोडा आणि तारेची घासणी वर्ज्य.

ते पाणी ओतण्याचे काम आम्ही स्वतःकडे घेतले आहे. सायंकाळी बादली उचलताना कंबर कुरकुरते. पुतण्या म्हणतो, “राहू द्या, काका.” आम्ही राहू देत नाही.