ताळा

अकरावीच्या वह्या तपासत होते. प्रश्न नेहमीचा होता: हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उतरला, तर बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी किती? एका मुलीनं सूत्र बिनचूक लिहिलं होतं. वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळं बरोबर. उत्तराखाली ठसठशीत दोन रेघा. उत्तर होतं १.०५ गुणिले १० चा उणे २५ वा घात, मीटर.

अणूचं केंद्रक साधारण १० चा उणे १५ वा घात मीटर एवढं असतं. तिच्या प्रकाशाची तरंगलांबी केंद्रकाहूनही दहा अब्ज पटींनी बारीक निघाली होती. तिला बोलावलं.

"ताळा केलास का गं?"

"हो मॅडम, गुणाकार दोनदा केला."

"तो आकडेमोडीचा झाला. उत्तराचा ताळा?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण ताळा कशाशी करायचा?"

वीस वर्षं मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते आहे. माझं काम नेमकं काय आहे, ते तिच्या त्या चार शब्दांत आलं.

शाळेत भागाकाराचा ताळा सोपा असतो. भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, की भाज्य परत मिळतो. चुनखडीचं गणितही तसंच. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट भट्टीत पूर्ण भाजलं तर ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो. बेरीज पुन्हा शंभर. कुणाचा चुना १२० ग्रॅम आला, तर काहीतरी चुकलंय हे बेरीजच सांगते. इलेक्ट्रॉनची ऊर्जा मात्र अशी तराजूत घालता येत नाही.

म्हणून मी फळ्यावर बारव काढली, पायऱ्यांची विहीर. काठ म्हणजे शून्य. तिथं पोचलेला इलेक्ट्रॉन अणूतून सुटला. काठाखालचं सगळं उणे. सर्वांत खालची पायरी उणे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, दुसरी उणे ३.४, तिसरी उणे १.५१, चौथी उणे ०.८५. १३.६ ला पायरीच्या क्रमांकाच्या वर्गानं भागलं की तिची खोली मिळते. तळाशी चढ मोठा, वर येताना तो कमी कमी होत जातो. उणे चिन्हाला मुलं फार घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की इलेक्ट्रॉन अजून बांधलेला आहे, आणि तेवढी ऊर्जा मिळाल्याशिवाय सुटणार नाही.

तिसरीवरून दुसरीवर उतरताना १.८९ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते. इथपर्यंत तिचं बरोबर होतं. पुढे प्लांकचा स्थिरांक ज्यूल-सेकंदात घेतला होता आणि ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्येच राहिली होती. एक इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे १.६०२ गुणिले १० चा उणे १९ वा घात, ज्यूल. तिनं तिथेच उभं राहून रूपांतर केलं. तरंगलांबी आली ६५६ नॅनोमीटर.

मग तिला प्रयोगशाळेत नेलं, पडदे ओढले, हायड्रोजनची डिस्चार्ज ट्यूब लावली आणि छोटा स्पेक्ट्रोस्कोप तिच्या हातात दिला.

"लाल रेघ दिसतेय," ती म्हणाली. "एक निळसर हिरवी. आणि एक जांभळी, पुसट."

लाल म्हणजे ६५६. निळसर हिरवी ४८६, चौथ्या पायरीवरून दुसरीवर उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनची. वहीतला आकडा आणि डोळ्यांसमोरचा रंग एकमेकांना भेटले होते.

हायड्रोजनच्या अशा चार रेघांच्या तरंगलांब्यांवरून १८८५ मध्ये योहान बामर यांनी आपलं सूत्र बसवलं. स्वित्झर्लंडमधल्या बासल शहरात ते मुलींच्या शाळेत शिकवत. सूत्राचा ताळा जुळत होता, पण का जुळतो हे त्यांना सांगता आलं नाही. ते २८ वर्षांनी, १९१३ मध्ये, नील्स बोर यांनी सांगितलं.

मला स्वतःला मात्र न जुळणाऱ्या ताळ्यानं जास्त शिकवलं. वरण उतू जाऊन शेगडीवर सांडलं की गॅसची निळी ज्योत पिवळी होते. हा मिठातल्या सोडियमचा रंग, ५८९ नॅनोमीटर. सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीतल्या ३पी या ऑर्बिटलमधून, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या एका जागेतून, ३एस या दुसऱ्या जागेत उतरतो तेव्हा हा रंग उमटतो. हायड्रोजनच्या बारवेत ३एस आणि ३पी एकाच पायरीवर आहेत. सोडियममध्ये त्यांच्यात २.१ इलेक्ट्रॉन व्होल्टचं अंतर पडतं, कारण आतले दहा इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ झाकतात. ३एसमधला इलेक्ट्रॉन त्या आडोशातून केंद्रकाजवळ अधिक पोचतो, त्याला ओढ जास्त लागते, म्हणून त्याची पायरी खाली जाते. बोर यांचं सूत्र एकच इलेक्ट्रॉन असलेल्या अणूपुरतं आहे, हे पिवळी ज्योत सांगते.

अशीच एक पिवळी रेघ १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात भारतातून वेध घेणाऱ्यांना सूर्याच्या कडेशी दिसली. ती सोडियमचीच वाटावी अशी होती. त्याच वर्षी नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून सूर्य पाहताना दाखवलं की ती सोडियमच्या जोडरेघांशी जुळत नाही. जवळच्या रेघेपासून फरक दीड नॅनोमीटरहूनही कमी होता. तो फरक सोडून दिला नाही, म्हणून हेलियम सापडला, आधी सूर्यावर, आणि १८९५ मध्ये विल्यम रॅमझे यांना पृथ्वीवर, युरेनियमच्या खनिजात.

म्हणून शिकवणाऱ्यांना आणि घरी अभ्यास घेणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. मुलाचं उत्तर चुकलं तर लगेच खोडू नका. ताळा कशाशी केलास, हे आधी विचारा. त्याला ठाऊक नसेल, तर दाखवा. गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकायला अर्धं मिनिटही लागत नाही.