कोपऱ्यातला भोंगा

आमच्या घरात स्वतःविषयी बोलताना 'हम' म्हणायची रीत आहे. ती सवय मराठी लिहितानाही सुटत नाही. तेव्हा वाचकांनी 'आम्ही' हा शब्द पाहून मागे मोठी संस्था वगैरे उभी आहे असे समजू नये. हे लिहिणारी उर्दू माध्यमाच्या शाळेतली एक बी.एड. शिक्षिका आहे. पण या गोष्टीत 'आम्ही' म्हणजे खरोखरच अनेकजण आहेत: अब्बा, मोटर वाइंडिंग करणारे मामू, जळगावच्या एका बंद पडलेल्या टॉकीजचे निवृत्त ऑपरेटर भाऊ आणि जागा रिकामी करून देणारी अम्मी.

पिंप्राळ्यात अब्बांना सगळे 'माईकवाले' म्हणत. दोन अॅम्प्लिफायर, आठ भोंगे, चार माईक आणि तारांची भेंडोळी एवढा त्यांचा संसार. लग्न असो, उरूस असो, निवडणूक असो की आषाढी एकादशीचा पिंप्राळ्याचा रथ असो, अब्बांची हातगाडी आधी पोचलेली असे. लहानपणी शाळा सुटली की आम्ही तार धरायला जात असू. अब्बा खांबावर चढून भोंग्याचे तोंड फिरवत आणि खाली ओरडून विचारत, "बेटा, पिंपळापर्यंत येतो का?" आम्ही पिंपळापर्यंत पळत जायचो आणि हात वर करायचो. ध्वनिशास्त्राचा आमचा पहिला तास तोच.

पुढे डीजे आले. छातीत धडधडणाऱ्या भिंतींपुढे अब्बांचे भोंगे कोणाला हवेत? एकेक करून ते वजनावर भंगारात गेले. दोन तेवढे गच्चीवर राहिले, त्यांत कबुतरांनी घरटी केली. अब्बा घरात बसू लागले आणि हळूहळू गप्प होत गेले.

२०१९ साली ऑपरेटर भाऊ सांगत आले, "टॉकीज पाडताहेत. पडद्यामागचे स्पीकर भंगारवाल्याकडे चाललेत." सिनेमाच्या पडद्याला बारीक छिद्रे असतात, स्पीकर त्याच्यामागे असतो आणि आवाज त्या छिद्रांतून येतो, हे आम्हाला तेव्हा कळले. अब्बांनी त्याच संध्याकाळी जाऊन दोन पेट्या, दोन पंधरा इंची कोन आणि मुठीत मावणार नाहीत अशी दोन जड युनिटे वजनाच्या भावाने आणली. युनिटांवरचे नाव गंजून गेले होते. अम्मी म्हणाली, "एक भंगार विकून दुसरं आणलं."

आता थोडा वर्ग घेतो, शिक्षकाची खोड आहे. स्पीकरचा पडदा हलतो तेव्हा त्याला हवा ढकलायची असते. पण हवा फार हलकी, ती हातातून निसटते. म्हणून घरातल्या साध्या स्पीकरला दिलेल्या विजेतला जेमतेम एक टक्का, कधी त्याहूनही कमी, आवाज बनतो, बाकीची उष्णता होऊन जाते. पडद्यापुढे अरुंद गळा ठेवला आणि तो हळूहळू रुंद करत नेला, तर गळ्याशी पडद्याला घट्ट, जड हवा मिळते आणि तोंडाशी तीच हालचाल मोकळ्या हवेत पसरते. चांगला भोंगा दहा ते तीस टक्के वीज आवाजात बदलतो. वर्गात आम्ही जुन्या 'इन्किलाब'च्या पानाचा शंकू करून मुलांना कुजबुजायला लावतो. मागच्या बाकावरचा पोरगा दचकतो, तिथे धडा संपतो.

बोलपट सुरू झाले तेव्हाचे अॅम्प्लिफायर थोड्याच वॅटचे होते. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, तो काळच भोंग्यांचा. मोठे सभागृह आवाजाने भरायचे तर दुसरा उपाय नव्हता. पुढे अॅम्प्लिफायर ताकदवान आणि स्वस्त झाले आणि घरांतून छोट्या पेट्या आल्या. तरी भोंग्याचे वेड काही लोकांनी सोडले नाही. अमेरिकेत अर्कान्सातल्या होप गावी पॉल क्लिप्श यांनी १९४६ पासून घरच्या खोलीच्या कोपऱ्यात बसणारा भोंगा विकायला सुरुवात केली. मोठ्या आवाजासाठी लोक भोंगा लावतात हे आपण जाणतो. पण हळू आवाजासाठीही तो लावतात. पडद्याला फार हलावे लागत नाही, म्हणून गाणारा श्वास कुठे घेतो तेही ऐकू येते.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली. शाळा बंद, मोबाईलवर तास, आणि बाकीचा दिवस मोकळा. गच्चीवरचा पत्र्याचा भोंगा युनिटावर बसवून पाहिला, तर बेगम अख्तर निवडणुकीच्या प्रचाराला निघाल्यासारख्या वाटल्या. पत्रा स्वतःच वाजत होता. मामूंनी त्याला सायकलची ट्यूब गुंडाळली, डांबर फासले. थोडा फरक पडला, पण नाक चोंदल्यासारखा आवाज गेला नाही. तो भोंगा लांब हाका मारण्यासाठीच जन्मला होता. त्याच्याकडून गझल म्हणवून घेणे हा त्याच्यावरच अन्याय होता.

मग लाकडाचा करायचे ठरले. घातांकी भोंग्याचे गणित आम्ही कागदावर मांडले. ३०० हर्ट्झपर्यंत उतरणारा भोंगा हवा असेल, तर दर सव्वासहा सेंटीमीटरला त्याच्या पोकळीचे क्षेत्रफळ दुप्पट व्हायला हवे. चौकोनी भोंगा असेल तर दर साडेबारा सेंटीमीटरला बाजू दुप्पट. गळा सव्वादोन सेंटीमीटर, मग साडेचार, नऊ, अठरा, आणि अठ्ठेचाळीस सेंटीमीटरवर तोंड बत्तीसचे. बुद्धिबळाच्या पटावरचे गव्हाचे दाणे आठवावेत. सुरुवातीला काहीच वाढत नाही आणि शेवटी आवरत नाही. सुतार चाचांनी जुन्या सागवानी दाराच्या फळ्या काढल्या. आमचा कागद त्यांनी पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, ही तर सनईच्या तोंडाची वळणं." तीन फळ्या वाया गेल्या. चौथीपासून जमले.

जाडा आवाज कोनाकडे आणि बारीक आवाज भोंग्याकडे अशी वाटणी करायला कंडेन्सर लागतो. मामूंच्या दुकानात पंख्यांचे चार मायक्रोफॅरडचे कंडेन्सर पडलेले होतेच. असे तीन जोडले की बारा होतात, आणि सोळा ओहमच्या युनिटाशी ते साधारण ८३० हर्ट्झला वाटणी करतात. पहिल्या दिवशी मधला आवाज पोकळ येत होता, जणू गायक विहिरीत उभा आहे. अब्बा उठले, कोनाच्या दोन तारा उलटसुलट केल्या आणि बसले. गायक विहिरीतून वर आला. मग भोंगा मागे-पुढे सरकवणे सुरू झाले. आवाज एका सेकंदाच्या हजाराव्या भागात चौतीस सेंटीमीटर जातो. भोंग्यातला आणि पेटीतला आवाज कानाशी एकाच वेळी पोचला नाही, तर तबल्याची थाप फुटते. आम्ही पेन्सिलीने खुणा करत दोन आठवडे एका बोटाने पुढे, एका बोटाने मागे जात राहिलो.

भोंगा काही लपवत नाही, त्याचा त्रासही झाला. अब्बांच्या जुन्या व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरचे पाच वॅट खोलीला पुरून उरत, पण त्यातली गुणगुणही तेवढीच मोठी होऊन बाहेर येई. उन्हाळ्यात ती वाढते हे मामूंच्या ध्यानात आले. जळगावचा मे महिना, काळ्या मातीला भेगा पडलेल्या. जमीन सुकली की अर्थिंगही सुकते. तेव्हापासून उन्हाळ्यात गाणे ऐकण्याआधी अर्थिंगच्या खड्ड्यात एक बादली पाणी घालायचे, हा आमचा नियम. थंडीत दहा अंशाला हवेतला आवाज सेकंदाला ३३७ मीटर धावतो आणि पंचेचाळीस अंशाला ३५८. म्हणजे आमचा भोंगा डिसेंबरात आणि मे महिन्यात अगदी तोच राहत नाही.

जाड्या आवाजाला कोपरा लागतो. दोन भिंती आणि जमीन मिळून भोंग्याचे तोंड मोठे करतात, क्लिप्श यांची युक्ती तीच. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन कोपरे मोकळे होते, तिसऱ्यात दरवाजा, चौथ्यात अम्मीची गव्हाची कोठी. पण मोकळे दोन्ही कोपरे समोरासमोर, तिरके. दोन पेट्या एकाच भिंतीला हव्यात, म्हणजे कोठी हलवायला हवी. तिच्या सासूने ठेवलेली ती जागा. आठ दिवस कोणी विषय काढला नाही. नवव्या दिवशी आम्ही शाळेतून आलो तर कोठी स्वयंपाकघरात गेली होती. अम्मी म्हणाली, "तुझे अब्बा आजकाल बोलायला लागलेत. गहू कुठेही राहतील."

दर रविवारी दुपारी बैठक बसू लागली. ऑपरेटर भाऊ येताना मेहरुणची बोरे आणत, मामू भंगारातून उचललेले तवे आणत. हबीब पेंटरची कव्वाली, रफीसाहेब, बेगम अख्तर. अजानच्या आधी अॅम्प्लिफायर बंद, नमाजनंतर चहा आणि पुन्हा सुरू. एक खाला येऊन 'मास्तरणीच्या घरी गाना-बजाना' म्हणून नाराज होऊन गेली. अम्मीने तिच्या डब्यात भरीत भरून दिले आणि विषय संपवला.

दुसरा लाकडी भोंगा तयार होऊन हातगाडीवर घरी आला, तो २०२२ चा एप्रिल होता. महाराष्ट्रभर त्या दिवसांत वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर एकच शब्द होता: भोंगा. गल्लीच्या तोंडाशी दोन तरुणांनी गाडी थांबवली. "चाचा, आता घरातही लावणार का?" आवाजात थट्टा होती, पण निव्वळ थट्टा नव्हती. आमचे हातपाय गार पडले. आम्ही त्यावर चादर टाकायला धावलो. अब्बांनी चादर बाजूला केली. म्हणाले, "रथाला तुझ्या आजोबांचा आवाज याच हातांनी पोचवलाय. भोंगा कोणाचा नसतो बेटा. त्याच्यात जो बोलेल, त्याचा." पोरे काही बोलली नाहीत. एकाने गाडीला हात लावून ती गटारावरून पार करून दिली. पुढच्या रविवारी तो दारात उभा राहून एक गाणे ऐकून गेला. आत मात्र आला नाही. आम्हीही खूप आग्रह केला नाही, याची आता खंत वाटते.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला घेतले.

दोन्ही भोंगे लागल्यापासून अब्बांची एकच तक्रार होती: "बारीक आवाज खोल." भोंग्याचा आवाज कमी-जास्त करायची एक चकती असते. आम्ही ती फिरवायचो. अब्बा खूश, पण भाऊ कानावर हात ठेवायचे. आम्ही युनिटाला दोष दिला, मग कंडेन्सरला, मग सुतार चाचांच्या वळणांना. युनिटाचा पडदा बदलला. चकती खाली आणली की अब्बा म्हणायचे, "पडदा पडला."

एक दिवस वर्गात मुलांना सीन आणि शीनचा फरक घोटून घेत असताना लक्षात आले की गेले वर्षभर अब्बा घरात हेच चुकीचे ऐकत आहेत. सीन, शीन, फे, ते ही बारीक आवाजाची अक्षरे. भोंग्यात दोष नव्हताच.

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला. जाड्या आवाजाची रेषा बरी होती, आणि ४००० हर्ट्झपाशी खोल खड्डा. फार मोठ्या आवाजाजवळ राहिलेल्या माणसाचे कान नेमके तिथेच खचतात. ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, असे एक परिमाण आहे. १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. अब्बा भोंग्याशेजारच्या खांबावर रात्र रात्र असत. पिंपळापर्यंत आवाज पोचतो का ते पाहायला आम्ही पळत दूर जायचो, आणि ते तिथेच राहायचे.

कानाचे यंत्र घेतले. नातवंडांशी बोलताना ते लावतात. गाण्याला काढून ठेवतात. म्हणतात, यातून तवा पत्र्यासारखा वाजतो. त्यांचेही खरे आहे, ती यंत्रे मुख्यतः बोलणे समजावे म्हणून बनवलेली असतात.

मग आम्ही चकतीवर दोन खुणा केल्या. नखपॉलिशची लाल खूण आमची, चुन्याची पांढरी अब्बांची. दुपारी ते एकटे बसतात तेव्हा चकती पांढऱ्यावर असते आणि आम्ही अंगणात जाऊन वह्या तपासतो. रविवारी ती लालवर येते.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही उशिरा पोचलो. बैठक सुरू होती, चकती लालवर होती. ती कोणी फिरवली म्हणून विचारले, तर भाऊंनी अब्बांकडे बोट केले. अब्बा डोळे मिटून मान डोलावत होते, अगदी त्या जागी, जिथे सारंगीची बारीक तान येते. त्यांना ती ऐकू येणे शक्य नव्हते. गाणे संपल्यावर आम्ही जवळ जाऊन मोठ्याने विचारले, "अब्बा, पांढऱ्यावर घेऊ का?"

"नको," ते म्हणाले. "लोक बसलेत. तिथं काय आहे ते मला आठवतं."

आम्ही तवा उलटला आणि त्यांच्या शेजारी बसलो.