घरात किती माणसं?

प्लेगच्या साली मुंबईत घरांची कौलं उतरवत असत. आत ऊन यावं, वारा खेळावा म्हणून. ज्या खोल्यांत भर दुपारी दिवा लावल्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नव्हता, तिथे एकाएकी आभाळ उतरायचं. चुलीवर, उतरंडीवर, देव्हाऱ्यातल्या टाकांवर, आणि कालपर्यंत कुणी कण्हत होतं त्या कोपऱ्यातल्या मोकळ्या वाकळेवरही. किती उशिरा आलेलं ऊन.

त्या दिवसांची छायाचित्रं पाहताना माझी नजर माणसांवर ठरत नाही, भिंतींवर जाते. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला आणि मग सरकारी माणसं दारोदार फिरू लागली. रोगी सापडलेल्या घरांच्या भिंतींवर त्यांनी रंगाने खुणा केल्या, वर्तुळं काढली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजीतली तीन अक्षरं रंगवली. ती अक्षरं ज्यांच्या भिंतीवर होती, त्यांतल्या कितींना वाचता आली असतील? माणसं मात्र समजायचं ते समजली. लाखोंनी मुंबई सोडली.

आमच्या चाळीवर कुणी वर्तुळं काढली नाहीत. कोरोनाच्या साथीत, 2020 च्या मे महिन्यात, जिन्याच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले आणि एक फ्लेक्स लटकवला, एवढंच. पण त्याआधीच काहीतरी उसवलं होतं. 23 मार्चपासून लोकल बंद होत्या आणि करी रोडला रुळांच्या कडेला वाढलेल्या आम्हां माणसांच्या कानांत एक भोक पडलं होतं. पहिल्या गाडीने मांडणीवरची पातेली किणकिणतात तेव्हा आमची पहाट होते; शेवटच्या गाडीनंतर जी शांतता येते ती आम्ही जन्मात ऐकली नव्हती, कारण तेव्हा आम्ही झोपलेलो असतो. आता ती दिवसाढवळ्या येऊन बसली. तिच्यात कोकीळ ऐकू यायची, तिसऱ्या मजल्यावरच्या कुकरची शिटी मोजता यायची, आणि रात्री फळीच्या भिंतीपलीकडे कुणी खोकलं की अख्खा मजला डोळे उघडून अंधारात पडून राहायचा. दुसरी ढास येते का, याची वाट पाहत. ती यायची, पण उशीत दाबलेली.

आपल्या माणसाचा खोकला लपवावा लागणं. याची नोंद कुठल्या रकान्यात करणार?

पालिकेची आरोग्यसेविका यायची ती सकाळी दहाच्या सुमारास. याआधी ती पोलिओच्या डोसासाठी यायची, तेव्हा पोरं तिला पाहून मोरीत लपत. आता मोठी माणसं दाराआड होत. प्लास्टिकच्या पडद्याआड तिचा चेहरा वाफेने पुसट झालेला, काखेत वही, हातात ताप मोजायची बंदूक. पहिला प्रश्न ठरलेला. घरात किती माणसं?

शेवटच्या खोलीतल्या आजी म्हणाल्या, “पाच.” सेविकेने लिहिलं. मग आजी थांबल्या. “सहा धर बाई. आमचा धाकटा केईएम इस्पितळात आहे. येईलच ना तो.”

तिने पाचाचे सहा केले. मग आजींचं बोट ऑक्सिमीटरच्या चिमट्यात धरलं. आकडा येईना. आयुष्यभर भांडी घासून बोटाचं टोक काळवंडलेलं, नख जाड, आणि हात गार. यंत्रावरच्या रेघा नुसत्याच लुकलुकत राहिल्या. बाईने चिमटा काढला, वही कठड्यावर ठेवली आणि आपल्या दोन्ही हातमोज्यांमध्ये आजींचा तळवा घेऊन ती तो चोळू लागली; लांब उभं राहा, शिवू नका असं शहरभर भोंग्यांवरून सांगितलं जात असताना, चाळीच्या त्या अरुंद गॅलरीत, कुणी काही न बोलता, बराच वेळ. मग सत्त्याण्णव आला.

आकड्यांना काळीज नसतं असं कुणी म्हणालं की मला तो चोळलेला तळवा आठवतो. आरोग्यसेवकांच्या कौतुकासाठी ज्यांनी ताटं बडवली त्यांच्याविषयी मला राग नाही, मीही एक पळी वाजवली होती. पण शहर कळलं ते त्या वहीवाल्या बायकांना.

चौदा नंबरच्या खोलीत जरीकाम करणारी पोरं राहत. कुलूप दिसलं तसं तिने लिहिलं, ‘घर बंद’. चौकट तेवढीच होती. त्यात नाशिक हायवेने कसाऱ्याचा घाट चढणारी पोरं मावली, कोकणात वेशीवरच्या शाळेत चौदा दिवस बसवलेला चाकरमानी मावला, इस्पितळातून परत न आलेला मावला, आणि आत असूनही भीतीने दार न उघडणारा तोही.

पुढे जुलैत रक्त तपासलं गेलं. पालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी माटुंगा, चेंबूर, दहिसर या भागांत सुमारे सात हजार नमुने घेतले. वस्त्यांमध्ये शंभरातल्या सत्तावन्न जणांच्या रक्तात आजार येऊन गेल्याची खूण सापडली; इमारतींमध्ये सोळांच्या. दहा बाय दहाच्या खोलीत आणि मजल्याच्या एका संडासात सहा फुटांचं अंतर कुठून आणायचं, याचं उत्तर त्या दोन आकड्यांत होतं. तरी मी थबकलो तो निराळ्याच गोष्टीपाशी. कितीजणांना कळलंही नव्हतं. आजार पाहुण्यासारखा येऊन, पाणी पिऊन, उंबरठा ओलांडून गेला होता, आणि घरातलं माणूस भाकऱ्या थापत राहिलं होतं. कुणाच्या घरी मात्र तो मुक्कामाला राहिला.

आजींचा धाकटा आला नाही. पुढच्या खेपेला सेविकेने विचारण्याआधीच त्या “पाच” म्हणाल्या.

2021 च्या एप्रिलविषयी लिहिणं मला जमत नाही. तेव्हा फोनच्या पडद्यावर रक्तगट, खाट, सिलिंडर एवढेच शब्द उरले होते, आणि सकाळी पाठवलेली विनंती संध्याकाळी मागे घेतली जायची. कशी मागे घेतली, ते विचारायचं नसे.

त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून लसीचे दोन डोस झालेल्यांना लोकल खुली झाली. प्रमाणपत्र दाखवून पास काढायला रांगा लागल्या. धक्के, घाम, खांद्यावर टेकलेलं परक्याचं डोकं, सगळं जिथल्या तिथे. पण पहिले काही दिवस डब्यात कुणी खोकलं की माणसं खिडकीबाहेर बघत.

सेविका अजून येते. आता क्षयरोगाची पाहणी असते, कधी कुष्ठरोगाची. चौदा नंबरचं कुलूप निघालं, पण पोरं नवी आहेत. आधीची कुठे गेली ते त्यांना ठाऊक नाही. परवा ती दारात उभी राहिली आणि आत गडबड उडाली. एक म्हणाला आठ, दुसरा म्हणाला सात, कारण रात्रपाळीचा एक माळ्यावर झोपला होता. शिवाय दोघंजण गावाहून निघालेत, परवा पोचतील. त्यांना धरायचं का?

“आले की सांगा,” ती म्हणाली. आकडा तिने पेन्सिलीने लिहिला.