सुप्याची वाट आणि पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे फार जुनी आहे. पण ती माणसाला तंतोतंत लागू पडण्याचा काळ आताच आला आहे. आपल्या आजोबांच्या प्रवासात पत्र्याची ट्रंक असे, वळकटी गुंडाळलेला होल्डॉल असे, फिरकीचा तांब्या असे, आणि हे सारे उचलायला स्टेशनावर हमाल असे. कचेरीचे काम मात्र कचेरीतच राही. आता ट्रंक गेली, होल्डॉल गेला, आणि कचेरी तेवढी पाठीवर येऊन बसली. लॅपटॉप नावाची ती चपटी पेटी बरोबर घेतल्यावाचून नोकरदार माणसाला चार दिवसांसाठीसुद्धा गाव गाठता येत नाही. मग तिला न्यावयाचे कसे, कोणत्या पिशवीतून, हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही. विशेषतः वाट सुप्याची असेल तर नाहीच.

सुपा हे नाव आमच्या अनेक वाचकांच्या घरी अजून घेतले जात असेल. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठाणे काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले होते. काळी नदी याच तालुक्यातील डिग्गीच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळते. तिच्यावर गणेशगुडीपाशी १९७४ साली धरणाचे काम सुरू झाले व १९८७ साली ते पुरे झाले. १०१ मीटर उंचीची ती काँक्रीटची भिंत उभी राहिली आणि तिच्यामागे जुने सुपा पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले, विस्थापितांतील पुष्कळांची वस्ती बेळगाव-गोवा रस्त्यावरील रामनगरला झाली, आणि तालुक्यालाही पुढे जोयडा हेच नाव रूढ झाले. आज सुपा म्हणजे धरण, सुपा म्हणजे जलाशय. गाव म्हणून सुपा उरले आहे ते माणसांच्या बोलण्यात. धरणाच्या पायथ्याशी १०० मेगावॉटचे वीजघर आहे. तेच पाणी पुढे नागझरी, कोडसळ्ळी आणि कद्रा येथील जनित्रे फिरवीत जाते. आपल्या लॅपटॉपच्या बॅटरीत भरली जाणारी वीज कोणाच्या अंगणावरून वाहून आली आहे, याची आठवण या वाटेवर ठेवलेली बरी.

या भागात लॅपटॉप नेण्याचे कारण केवळ नोकरीचे नसते. गाव बुडाले तेव्हा जी माणसे चाळिशीत होती, ती आज ऐंशीच्या घरात आहेत. बाजार कोठे भरत असे, नदीला उतार कोठे होता, देवळाच्या पायऱ्या कोणत्या अंगाला होत्या, हे सांगणारी ती शेवटची पिढी. बंगळूर, पुणे, हैदराबाद येथे स्थायिक झालेली नातवंडे आता सुटी काढून रामनगर-जोयड्याकडे येतात, आजी-आजोबांचे बोलणे ध्वनिमुद्रित करतात, जुनी छायाचित्रे आणि कागद यंत्रात उतरवून घेतात. त्या यंत्राला घाटातल्या पावसात पाणी लागले तर नवे यंत्र विकत मिळेल. आजोबांचा आवाज मिळणार नाही. म्हणून पिशवीचा विचार थोडा बारकाईने करू.

पहिला प्रश्न वजनाचा. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तर धोरणाने शाळकरी मुलांसाठी एक मर्यादा सांगितली आहे: दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. दीर्घ चालीसाठी थोरांनीही हाच दंडक पाळला तर पाठ दुवा देईल. पासष्ट किलो वजनाच्या माणसाने साडेसहा किलो उचलावे. आता हिशेब करा. लॅपटॉप दोन किलो, चार्जर सुमारे चारशे ग्रॅम, रिकामी सॅक एक किलो, लिटरभर पाणी एक किलो. साडेचार किलो येथेच भरले. कपडे, औषधे आणि घरच्यांनी दिलेला डबा यांच्यासाठी उरले जेमतेम दोन किलो. म्हणून रिकामी सॅकच दीड-दोन किलोची असेल, तर तिचे कप्पे कितीही देखणे असोत, ती दुकानातच ठेवावी. मोठी सॅक हलकी राहील असाही भरवसा नसतो. जागा दिसली की माणूस ती भरतोच.

दुसरा प्रश्न तोलाचा, आणि त्याचे उत्तर उळवीच्या यात्रेला जाणाऱ्या गाडीवानाला ठाऊक आहे. उळवी याच तालुक्यात. बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा यांची समाधी तेथे आहे, आणि बेळगाव-धारवाडकडचे भाविक माघातल्या यात्रेला आजही बैलगाड्या जुंपून येतात. गाडी मागे जड झाली की ती उलाळ होते, जू वर उचलते आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. पुढे जड झाली तर सारा भार मानेवर येतो. म्हणून जड पोते आसाच्या जवळ ठेवायचे. आपल्या शरीराचा आस म्हणजे कणा. लॅपटॉपचा कप्पा पाठीला लागून असलेलीच सॅक घ्यावी. जड वस्तू पाठीजवळ, हलक्या वस्तू बाहेरच्या अंगाला. लॅपटॉप बाहेरच्या कप्प्यात गेला की सॅक मागे ओढते, माणूस पुढे वाकतो आणि संध्याकाळी मान धरते.

खांद्यावर एका बाजूला लटकवायच्या बॅगा कचेरीत शोभून दिसतात. परंतु लोंढ्याच्या फलाटावरून बसथांब्यापर्यंत जाताना त्या शरीर एका अंगाला कलते करतात. दोन पट्ट्यांची सॅक हीच या वाटेची. पट्टे चार बोटे रुंद असावेत, आतला फोम बोटाने दाबला असता तळाला न लागणारा असावा, आणि काखेत न रुतणारा त्यांचा बाक असावा. छातीवर अडकवायचा छोटा पट्टा असल्यास खांद्यांवरून पट्टे घसरत नाहीत. कमरेचा पट्टा असल्यास काही भार कमरेवर उतरतो. ज्येष्ठांना आणि ठेंगण्या बांध्याच्या व्यक्तींना याचा विशेष उपयोग. सॅकचा तळ कमरेच्या खाली लोंबू नये, एवढे पट्टे आवळता आले पाहिजेत. चाकांची बॅग विमानतळावर सुखाची खरी, पण जोयड्याच्या आसपासच्या वाड्यांकडे जाणाऱ्या लाल मातीच्या वाटेवर ती चाकांसकट उचलूनच न्यावी लागते.

माप घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लॅपटॉप १५.६ इंची म्हणतात तो पडद्याच्या कर्णाच्या मापाने. यंत्राची रुंदी साधारण ३६ सेंटिमीटर भरते. कागदावरच्या मापावर न विसंबता आपले यंत्र दुकानात न्यावे आणि कप्प्यात घालून पाहावे. आणखी एक परीक्षा आहे. यंत्र आत असताना सॅकच्या तळाला खालून हात लावावा. यंत्राची कड हाताला लागली तर ती सॅक नको. कारण बसमध्ये ती खाली ठेवताच तो आघात थेट यंत्राला बसणार. चांगल्या सॅकमध्ये लॅपटॉपचा कप्पा तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर टांगलेला असतो. मग चार-पाच किलो सामान भरून दुकानाचा जिना दोनदा चढून-उतरून पाहावा. दुकानदार थोडा हसेल, हसू द्यावे.

तिसरा प्रश्न पावसाचा. जून ते सप्टेंबर या महिन्यांत तिनईघाट, कॅसलरॉक या अंगाला पाऊस पडतो असे म्हणणे अपुरे आहे. तो तेथे मुक्कामालाच असतो. दुकानातल्या चिठ्ठीवर ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ एवढाच की शिंतोडे उडाले तर कापड तग धरील. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द वेगळा, आणि तो क्वचितच खरा असतो. कारण पाणी कापडातून येत नाही, ते चेनमधून आणि शिवणीतून येते. चेनवर कापडी झडप असलेली सॅक निवडावी, वरून घालायचे रेनकव्हर तळाच्या कप्प्यात ठेवावे, आणि तरीही लॅपटॉप जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवावा. रेनकव्हर पाठीकडच्या बाजूला नसते आणि घाटातला पाऊस पाठीवरूनच ओघळतो, हे या पिशवीचे कारण. चामड्याची बॅग या दिवसांत आणू नये. सह्याद्रीत चामड्याला बुरशी धरायला चार दिवस पुरतात. जाड कॅनव्हास भिजला की दुप्पट जड वाटतो आणि लवकर वाळत नाही. यंत्राला पाणी लागलेच, तर ते तत्काळ बंद करावे आणि पुरते वाळेपर्यंत चार्जर जोडू नये.

प्रवासात सॅक ठेवायची कोठे? दांडेलीहून गणेशगुडीमार्गे जोयड्याला जाणारा रस्ता रानातून वळणे घेत जातो. पुढे अणशीवरून कारवारला उतरायचे तर घाटच. अशा वेळी बसच्या वरच्या फळीवर लॅपटॉप ठेवू नये, मागच्या डिकीत तर नाहीच. तो मांडीवर, नाहीतर दोन्ही पायांच्या मध्ये उभा. आगगाडीत रात्री झोपताना सॅक उशाशी घेऊन तिचा एक पट्टा हातात अडकवावा. विमानाने गोवा, बेळगाव किंवा हुबळीला उतरणाऱ्यांनी हातातल्या सामानाची सात किलोंची नेहमीची मर्यादा ध्यानी घ्यावी. पॉवर बँक नेहमी हातातल्या सामानातच ठेवावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंतची चालते, आणि २०,००० मिलिअँपियर-तासांची नेहमीची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची असते. ती घेतलेली बरी, कारण रानातल्या वाडीत पावसाळी वादळात वीज गेली की लवकर येईलच असे नाही. धरणाच्या शेजारीही नाही.

राहता राहिली निवड, काय घ्यावे आणि काय ठेवावे याची. घरातल्या सुपाचे कामच हे: फोल उडवायचे आणि दाणा ठेवायचा. निघण्याच्या आदल्या रात्री सारे सामान सतरंजीवर मांडावे आणि प्रत्येक वस्तू पाखडून पाहावी. तीन तारा आणि दोन चार्जर यांपैकी एकेक पुरतो. जाडजूड पुस्तक घरी राहू द्यावे. छोटा पंचा मात्र हवाच. आणि यंत्रात जे काही मोलाचे आहे त्याची एक प्रत घरच्या कपाटात ठेवूनच उंबरठा ओलांडावा. परतताना नवे ध्वनिमुद्रण झाले असेल, तर त्याची प्रत छोट्या पेनड्राइव्हवर घेऊन ती खिशात ठेवावी, सॅकमध्ये नव्हे. एक हरवले तरी दुसरे उरते. घरी आल्यावर सॅक रिकामी करून सावलीत उलटी टांगावी, म्हणजे पुढच्या खेपेला तिला कुबट वास येणार नाही.

जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, असे आपण म्हणतो. सुप्याच्या लोकांना हसत बसायला फारशी उसंत मिळाली नाही. त्यांनी भांडी नेली असतील, देव नेले असतील, बियाणे नेले असेल. अंगण, विहीर आणि संगमावरचा वारा कोणत्याच गाठोड्यात बांधता आला नाही. त्याचे जे वर्णन अजून एखाद्या पडवीत बसलेल्या वृद्धाच्या जिभेवर आहे, ते मात्र दोन किलोंच्या यंत्रात मावते. ज्यांची माणसे त्या अंगाची असतील त्यांनी येत्या दिवाळीनंतर, पाऊस सरून वाटा कोरड्या झाल्या की निघावे. सॅक बेताची घ्यावी आणि दोन दिवस अधिक काढावेत; जुन्या माणसांना बोलते व्हायला पहिला दिवस लागतोच.