रात्री दात खाणारा

आठवीत असताना शेजारच्या पलंगावरच्या मित्राने सकाळी पीटीला विचारलं, "रात्री कोणावर चिडतोस रे?" मी झोपेत दात खातो, हे मला तेव्हा कळलं. हाउसमध्ये माझं नाव 'गिरणी' पडलं, ते अजून आहे.

बाबांना मात्र हसू आलं नाही. त्यांची साताऱ्यात छोटी डेंटल लॅब आहे. सुट्टीत घरी गेलो तेव्हा डॉक्टरांनी ट्रेमध्ये गार, लिबलिबीत अल्जिनेट भरून माझ्या दातांचं माप घेतलं (मला दोनदा उमासे आले) आणि पुढचं सगळं बाबांनी केलं. मापात स्टोन ओतून दातांचं मॉडेल, त्यावर मेणाची स्प्लिंट. मग ते फ्लास्कमध्ये प्लास्टरात गाडायचं, उकळत्या पाण्याने मेण घालवायचं आणि त्या पोकळीत अ‍ॅक्रिलिकची पावडर नि लिक्विड कालवून दाबून भरायचं. फ्लास्क रात्रभर ७४ अंशांच्या पाण्यात. घाई केली तर आत बुडबुडे धरतात. सकाळी फ्लास्क फोडताना मॉडेलही तुटलं. ते तुटतंच, बाबा म्हणाले.

तिथेच पुढचा घोळ झाला. नववीत एकदा मी स्प्लिंट कागदी रुमालात गुंडाळून ठेवली आणि ती कचऱ्यात गेली. मॉडेल नाही, सुट्टीला तीन महिने. एमआय रूममधून मला शहरातल्या दंतवैद्यांकडे पाठवलं. त्यांनी जाड पेनासारखा स्कॅनर दातांवरून फिरवला, की जबडा पडद्यावर! उमासा नाही, काही नाही. प्रिंटरने पातळ रेझिनचे थर प्रकाशाने घट्ट करत एकावर एक चढवले, मग स्प्लिंट अल्कोहोलमध्ये धुऊन अतिनील दिव्याखाली पक्की केली. दुसऱ्या दिवशी हातात. "आता हरवलीस तरी फाइल आहे," डॉक्टर म्हणाले.

मला ती आवडली, आणि त्याचंच वाईट वाटलं. बाबांकडचं काम दोन वर्षांत निम्म्यावर आलंय. प्रिंटर घ्यायचा तर पैसे हवेत, आणि माझी फी आहे. रविवारच्या फोनवर मी आधी खोटंच सांगितलं, की जुनीच वापरतोय. पुढच्या रविवारी राहवलं नाही.

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "निळा कागद चावायला दिला होता का? दोन्हीकडे सारखे ठिपके आले?"

"डावीकडे जास्त होते. डॉक्टरांनी घासून सारखे केले."

"म्हणजे हात लावावा लागलाच," असं म्हणून ते हसले. "सुट्टीत घेऊन ये, जाडी मोजतो. आणि त्या डॉक्टरांना विचार, ती फाइल मला पाठवतील का."