अब्यूज डेस्कवरच्या रात्री

पुण्यात मी काही वर्षं एका वेब होस्टिंग कंपनीच्या अब्यूज डेस्कवर रात्रपाळी केली. गिऱ्हाइकं बहुतेक अमेरिकेतली, सर्व्हर टेक्सासमधल्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्यानं घेतलेले, आणि तक्रारी वाचायला आम्ही चार-पाच जण विमाननगरला. आईला काम समजावताना मी ‘वेबसाइटबद्दलच्या तक्रारी बघते’ एवढंच सांगायची. ‘बघतेस म्हणजे सोडवतेस ना?’ असं ती विचारायची. सोडवायचो थोड्याच. बहुतेकदा आम्ही साइट बंद करायचो.

प्रत्येक डोमेनवाल्यानं ‘अब्यूज’ या नावाचा एक ईमेल पत्ता चालू ठेवावा, असा इंटरनेटचा १९९७ पासूनचा लेखी संकेत आहे. आमच्या त्या पत्त्यावर रात्रभर मेल पडत. त्यात सगळ्यात जास्त फिशिंगचे. एखाद्या दंतवैद्याची साइट असायची, वर्डप्रेसचं वर्षानुवर्षं अपडेट न केलेलं प्लगइन, त्यातून कुणी तरी आत शिरून अपलोड्सच्या फोल्डरमध्ये बँकेच्या लॉगिनचं हुबेहूब खोटं पान लपवलेलं. डॉक्टरांना गंधवार्ता नसे. तिथं मी विचार करत बसत नसे. आधी बंद, मग पत्र. तक्रारीवरून साइट बंद करणं मुळातच वाईट असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं जमत नाही. असं पान तासभर जास्त राहिलं की किती जण त्याच्यावर आपले पासवर्ड टाकून जातात, ते आम्ही सर्व्हरच्या लॉगमध्ये पाहिलेलं असायचं.

अडचण अशी की चोरट्याच्या पानासाठी जे बटण होतं, तेच बाकी सगळ्यांसाठीही होतं. कंट्रोल पॅनेलवर खात्याच्या नावापुढे ‘सस्पेंड’. दाबलं की त्या माणसाची सगळी पानं, पुष्कळदा ईमेलसुद्धा, एका दमात ठप्प, आणि ब्राउझरमध्ये ‘खातं स्थगित केलं आहे, होस्टिंग कंपनीशी संपर्क साधा’ अशा अर्थाची दोन इंग्रजी वाक्यं. एक पान तेवढं बंद करायचं तर सर्व्हरमध्ये शिरून फाइल शोधावी लागे. पान डेटाबेसमधून येत असेल तर आणखी खटपट. महिन्याला चार-पाच डॉलर देणाऱ्या गिऱ्हाइकासाठी असा अर्धा तास घातला की टीम लीड मागे येऊन उभी राहायची. “अगं, रांग बघ केवढी झालीय.”

रांग मोठी असायचीच, पण खरी घाई वरून यायची. तक्रार करणारा आयपी पत्ता शोधतो तेव्हा त्याला नाव दिसतं ते डेटा सेंटरचं. तो तिकडे लिहितो. डेटा सेंटर ते पत्र आमच्याकडे ढकलतं आणि खाली एक ओळ जोडतं: चोवीस तासांत निकाल लावा, नाहीतर आयपी बंद. शेअर्ड सर्व्हरच्या एका आयपीवर तीन-चारशे साइट्स नांदत असायच्या. चाळीतल्या एका बिऱ्हाडाबद्दल तक्रार आली म्हणून मीटरबोर्डाचा मेन स्विच ओढावा, तशी ती धमकी होती. चारशे वाचवायला एक बंद करणं हा हिशेब कुणालाही पटेल, मलाही पटायचा. आमच्या खाली पुन्हा रिसेलर असत, म्हणजे आमच्याकडून घाऊक जागा घेऊन स्वतःच्या नावानं विकणारे. त्यांना आम्ही बारा तास द्यायचो, ते पुढे गिऱ्हाइकाला सहा. ज्याची साइट त्याच्या वाट्याला शेवटी एक रात्र उरायची, आणि ती तो झोपेत घालवायचा.

फिशिंगखालोखाल तक्रारी कॉपीराइटच्या. अमेरिकेचा १९९८ चा डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा, आमच्या तोंडी ‘डीएमसीए’. तक्रार रीतसर आली आणि होस्टनं मजकूर काढला, की होस्ट सुटला. किती वेळात काढायचा याचे तास कायद्यात नाहीत, ‘तत्परतेनं’ एवढंच आहे. तास डेटा सेंटरनं ठरवलेले. तक्रारीत काय काय हवं त्याची यादी आमच्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली होती: सही, कोणती कलाकृती, नेमकं कुठलं पान, संपर्काचा पत्ता, मजकूर बरोबर असल्याची ग्वाही, आणि आपण हक्कदाराच्या वतीनं लिहितो आहोत हे खोटं ठरलं तर खोट्या साक्षीचा गुन्हा कबूल असल्याचं विधान. सगळ्यांवर टिक झाली की तक्रार ‘व्हॅलिड’. ती खरी आहे का, यासाठी यादीत ओळ नव्हती.

मध्य-पश्चिम अमेरिकेतल्या एका बाईंची साइट मला अजून आठवते. त्या एका ब्रीडरकडे कुत्र्याचं पिल्लू बघायला गेल्या होत्या आणि न घेताच परत आल्या होत्या. आल्यावर त्यांनी टोपणनावानं चार पानांची साइट केली. ब्रीडरच्या जाहिरातीतले हिरव्यागार अंगणाचे दोन फोटो एकीकडे, स्वतः मोबाइलवर काढलेले पिंजऱ्यांचे फोटो त्यांच्या शेजारी, खाली शांत भाषेत हकिकत. ब्रीडरनं आधी बदनामीची तक्रार केली. ती आम्ही परत पाठवली, कारण दुसऱ्यानं लिहिलेल्या बदनामीसाठी होस्टला जबाबदार धरता येणार नाही असं अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्याचं कलम २३० सांगतं. मग तोच माणूस कॉपीराइट घेऊन आला. कुणी तरी शिकवलं असणार. जाहिरातीतले फोटो त्याचेच होते, यादीतल्या सगळ्या ओळींवर टिक होत होती. टीका करण्यासाठी असे फोटो वापरणं ‘फेअर यूज’मध्ये बसू शकतं, पण तो निवाडा करायला आम्ही कोर्ट नव्हतो. खातं बंद झालं.

बाईंचा फोन आला तो माझ्याच शिफ्टमध्ये. मी त्यांना प्रतिनोटिशीचा मार्ग सांगितला. तुम्ही लिहून द्यायचं की तक्रार चुकीची आहे. तक्रारदार कोर्टात गेला नाही तर कामाच्या दहा ते चौदा दिवसांत साइट परत चालू. त्यांनी फॉर्म उघडला. खरं नाव, घरचा पत्ता, फोन नंबर, फेडरल कोर्टाचा अधिकार मान्य असल्याची सही.

“हे सगळं त्या माणसाकडे जाणार?”

“हो मॅडम, प्रत त्यालाच पाठवावी लागते.”

“तो माझ्या घरापासून चाळीस मैलांवर राहतो.”

ते दोन फोटो काढले तर खातं लगेच उघडता येईल, असंही मी सुचवलं. त्या म्हणाल्या, अंगण नाही दाखवलं तर पिंजरे बघून कुणाला काय कळणार? फॉर्म आला नाही. पुढच्या बिलाच्या आत त्यांनी खातं कायमचं बंद करायला सांगितलं आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मागितले. ते दिले.

डिसेंबर २०११ मध्ये हे सगळं एकदम घराजवळ आलं. अण्णा हजारे मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलाच्या मैदानावर उपोषणाला बसले होते, आणि व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांची ‘कार्टून्स अगेन्स्ट करप्शन’ ही साइट मुंबई पोलिसांच्या क्राइम ब्रँचच्या सांगण्यावरून बंद झाली. पुढच्या सप्टेंबरात त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली तेव्हा नाव घरोघरी पोहोचलं, पण आमच्या शिफ्टमध्ये चर्चा झाली ती पहिल्या बातमीची. चहाच्या टपरीवर टीम लीडला कुणी तरी विचारलं, आपल्याकडे पोलिसांचं पत्र आलं असतं तर? ती म्हणाली, “पत्र? क्राइम ब्रँचच्या नुसत्या फोनवर मी बंद केली असती. मला मुलगा आहे.” कुणी हसलं नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली नवे नियम आले होते आणि तक्रार कळल्यापासून छत्तीस तासांत हालचाल करा असं त्यात होतं. कोणाची तक्रार, कोणत्या अधिकारात, याचा खुलासा व्हायला मार्च २०१५ उजाडला. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कोर्टाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना हातात आल्यावरच मध्यस्थाला, म्हणजे आमच्यासारख्या कंपनीला, ‘माहीत झालं’ असं धरायचं. कुणाही सोम्यागोम्याच्या पत्रानं नाही. त्या निकालाची आठवण लोक माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ए रद्द झालं म्हणून ठेवतात. माझ्या लेखी त्याचा हा दुसरा भाग जास्त मोलाचा आहे. अर्थात, सर्व्हर टेक्सासमध्ये असलेल्याला त्याचा उपयोग नाही.

ऑक्टोबर २०१२ ची बातमी तर सगळ्या शिफ्टनं ओरडून एकमेकांना वाचून दाखवली. ‘एज्युब्लॉग्ज’ ही शिक्षक आणि विद्यार्थ्यांसाठी जागा देणारी कंपनी. तिच्याकडच्या सुमारे साडेचौदा लाख साइट्स एका नोटिशीनं बंद पडल्या. कुण्या शिक्षकानं २००७ मध्ये मानसशास्त्रातली निराशा मोजायची वीस प्रश्नांची एक प्रश्नावली पानावर टाकली होती, तिचे हक्क पिअर्सन या प्रकाशकाकडे होते. ते पान एज्युब्लॉग्जनं काढलंही होतं, पण त्याची प्रत सर्व्हरच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, शिल्लक होती. सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीनं ती पाहिली आणि सर्व्हरच बंद केले. हे गिऱ्हाईक महिन्याला जवळपास सात हजार डॉलर भरणारं. आमचा चार डॉलरवाला कुठल्या झाडाचा पाला?

आमच्यातला एक मुलगा, वाचणारा, त्यानं मला दोन प्रयोगांबद्दल सांगितलं होतं. २००४ मध्ये ‘बिट्स ऑफ फ्रीडम’ या डच संस्थेनं दहा इंटरनेट कंपन्यांकडे साइट्स काढल्या आणि त्यांवर मुल्तातुली या लेखकाचा १८७१ मधला मजकूर टाकला. लेखक १८८७ मध्येच वारला, म्हणजे कॉपीराइट कधीच संपलेला, आणि तसं पानावर लिहिलेलंही होतं. मग एका काल्पनिक संस्थेच्या नावानं, साध्या हॉटमेलच्या पत्त्यावरून तक्रारी पाठवल्या. दहापैकी सात कंपन्यांनी मजकूर काढला. एकीनं तर न मागता गिऱ्हाइकाची खासगी माहिती तक्रारदाराला देऊन टाकली. आपल्याकडे बंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’साठी २०११ मध्ये असाच प्रयोग झाला. सात मध्यस्थांना मुद्दाम सदोष तक्रारी पाठवल्या, सहांनी गरजेपेक्षा जास्तच काढून टाकलं. हे ऐकून बाहेरच्या माणसाला धक्का बसत असेल. मला सातवा कोण होता याचं कुतूहल वाटलं. त्याच्याकडे रात्रीची किती माणसं असतील?

नोकरी सोडल्यावर मी लहान लोकांच्या साइट्स सांभाळायची कामं घ्यायला लागले, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आले. भावाच्या ट्रेकच्या ग्रुपमधले एक काका सांगलीचे, निवृत्त शिक्षक. त्यांनी स्वतः फिरून किल्ल्यांची मराठी साइट उभी केली आहे: वाट कुठून फुटते, टाक्यातलं पाणी पिण्याजोगं कोणत्या महिन्यापर्यंत, मुक्कामाला गुहा आहे की देऊळ. ऐन जुलैत, पावसाळी ट्रेकवाले सगळ्यात जास्त शोधत असतात तेव्हा, साइट बंद. रिसेलरकडून आलेल्या मेलमध्ये डीएमसीए हा शब्द बघून त्यांनी मला फोन केला. “अगं, माझाच मजकूर मी चोरला म्हणतायत.”

प्रकार माझ्या ओळखीचा होता. कुणी तरी त्यांच्या सहा-सात किल्ल्यांची पानं जशीच्या तशी उचलून दुसऱ्या साइटवर टाकली होती, आणि वर तारीख घातली होती काकांच्या पानांच्या आधीची. मग तीच ‘मूळ’ म्हणून पुढे करून तक्रार. असे उद्योग जगभर चालतात. हार्वर्ड विद्यापीठातला ‘ल्युमेन’ प्रकल्प अशा नोटिसा जमवून ठेवतो, आणि मागच्या तारखा टाकलेल्या नकलांवर बेतलेल्या हजारो तक्रारी त्यात संशोधकांना सापडल्या आहेत. पानावरची तारीख म्हणजे कुणीही टाइप करावी अशी गोष्ट, पण माझ्या जुन्या यादीत ती तपासायची ओळ नव्हती, तशी त्यांच्याकडेही नसणार.

जुनी वेबपानं तारखेसकट जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर आम्ही काकांची पानं शोधली. त्यावरची नोंद आपल्याला मागे-पुढे करता येत नाही, आणि ती तक्रारदाराच्या साइटचं डोमेन नोंदवलं गेलं त्याच्याही आधीची निघाली. डोमेन कधी घेतलं ते तर हूइज या डोमेनांच्या जाहीर नोंदीत कुणालाही दिसतं. काकांच्या कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली होत्याच. प्रतिनोटीस मी लिहिली. परदेशातल्या माणसालाही त्यात होस्ट ज्या भागात आहे तिथल्या अमेरिकी कोर्टाचा अधिकार मान्य करावा लागतो. त्या ओळीवर काका अडले. “उद्या समन्स आलं तर सांगलीहून जायचं कसं?” येणार नाही, असं मी म्हणाले, खात्री देता येत नव्हती. त्यांनी काकूंना विचारून सही केली. समन्स आलं नाही. साइट परत चालू झाली तेव्हा ऑगस्ट निम्मा सरला होता.

मग मी त्यांचं डोमेन एका कंपनीकडे आणि होस्टिंग दुसऱ्या कंपनीकडे असं वेगळं करून दिलं, म्हणजे एकानं बंद केलं तरी संध्याकाळपर्यंत तिसरीकडे हलवता येईल. दर रविवारी पूर्ण प्रत घरच्या डिस्कवर उतरते. काकांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. नकलेची साइट चालूच होती, त्यांच्याच टाक्यांच्या फोटोंसकट. तिच्या होस्टकडे त्यांनी रीतसर तक्रार केली, सगळे पुरावे जोडून. तो होस्ट कुठल्या देशात बसतो तेही नीट कळत नाही. तक्रारींना दाद न देणं हीच काहींची जाहिरात असते. काका दर महिन्याला स्मरणपत्र पाठवतात आणि उत्तरादाखल त्यांना दर वेळी नवा तिकीट नंबर मिळतो.